एक लिटर पाणी, दोन मिनिटं

शुक्रवारी संध्याकाळी तैपिंगहून गाडी सुटते
तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर अजून हातच लटकत असतात,
निळे, ओले, मनगटाशी संपलेले.
प्रत्येकात एक लिटर पाणी भरायचं,
दोन मिनिटं टांगून ठेवायचं,
बोटाच्या टोकाशी थेंब धरला की तो हात बाद.
आठवडाभर माझं काम एवढंच.
बाद हात मी मनात मराठीत मोजते:
अठ्ठावन्न, एकोणसाठ.
साऱ्या कारखान्यात हे आकडे
माझ्याखेरीज कुणाच्या उपयोगाचे नाहीत.

क्वालालंपूरला उतरलं की आधी माणसं दिसतात,
मग त्यांना जोडलेले हात.

पुडूतल्या हॉटेलात चौथा मजला नाही.
तिसऱ्यानंतर तीन-अ, मग एकदम पाच,
कारण चार म्हटलं की चिनी कानाला मरण ऐकू येतं.
माझी खोली तीन-अ वर.
म्हातारे याप किल्ली देताना दर खेपेला विचारतात,
'एकटीच?'
मी दर खेपेला म्हणते, 'सध्या.'
सहा वर्षं झाली या 'सध्या'ला.

शनिवारी नुसती हिंडते.
दोन नद्या भेटतात तिथल्या कठड्याला टेकून उभी राहते.
शहराच्या नावातच चिखल आहे, आणि संगम आहे;
भेटल्यावर कुठलं पाणी कुणाचं
ते बहुधा त्यांनाही सांगता येत नसावं.
ब्रिकफील्ड्सला कनगवल्ली तमिळमध्ये गजऱ्याचा भाव सांगते,
मी मलायमध्ये घासाघीस करते,
ती इंग्रजीत नाही म्हणते.
गजरा मी घेतेच.
हनीफाच्या टपरीवर चहाची धार
या पेल्यातून त्या पेल्यात, हातभर,
आणि एक थेंबही बाहेर नाही.
हा माणूस आमच्याकडे पास झाला असता.

रविवारी, पुडू बाजारामागच्या नूडलच्या दुकानात
एक नवी मुलगी होती.
नाव विचारलं.
'सुई तियाल,' म्हणाली. बर्माच्या डोंगरातली, चिन.
मी हसले. माझ्या भाषेत सुई म्हणजे काय
ते तिला हवेत टाका घालून दाखवलं. तीही हसली.
मग तिचे हातमोजे दिसले.
आमचेच. तोच निळा.
उजव्या तर्जनीला भोक.

पोटात गोळा आला.
कुठला लॉट? कुठली पाळी? कुणाची सही?
माझ्या दोन मिनिटांत मी खिडकीबाहेर बघत होते का?
'फाटकेच निघाले?' मी विचारलं,
आवाज शक्य तितका साधा ठेवून.
ती गोंधळली.
'नाही, नाही. मीच कापलं. कात्रीनं.
बोटाला पीठ कळलं नाही
तर वॉनटनचं तोंड मिटत नाही.
आणि रात्री आईचा फोन येतो,' तिनं हवेतच पडदा सरकवला,
'हातमोजा घालून उचलता येत नाही.'

सुटे पैसे तिनं माझ्या तळव्यावर मोजून ठेवले,
एक एक नाणं.
पिठाचं, उघडं, गरम बोट
प्रत्येक नाण्यामागून टेकत होतं.
मुद्दाम नोट मोठी दिली असती तर,
असं परतीच्या गाडीत इपोह येईपर्यंत वाटत राहिलं.

यापना किल्ली परत देताना
ते काही विचारत नाहीत. जाताना कुणीच विचारत नाही.

सोमवार. पाणी. घड्याळ.
रांगेतल्या एका हाताच्या तर्जनीला
थेंब आला, फुगला,
पडू की नको करत राहिला.
मी त्याला दोन मिनिटं पूर्ण दिली.
शिवाय वर थोडी.

अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ.
वहीत साठ लिहिले.
हातचा एक.